भूमिगतांना घर कोणी दिले?

दरवर्षी १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, सकाळी मराठवाड्यातल्या गावोगावी झेंडा चढतो, हुतात्मा स्तंभाला हार घातला जातो आणि शाळेतली मुले स्तंभावर कोरलेली नावे मोठ्याने वाचून दाखवतात. आमचे गाव जुन्या उस्मानाबाद जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला आहे. निजामाच्या काळात तिथून बार्शीकडची इंग्रजी हद्द पायी दोन-अडीच तासांवर होती. चावडीसमोरच्या त्या दगडावर एकाही बाईचे नाव नाही. शाळेत असताना मी आजीला विचारले होते, की तू तर तेव्हा इथेच होतीस, मग तू लढली नाहीस का? ती सुपात ज्वारी पाखडत होती. हात न थांबवता म्हणाली, "म्या कुठं लढले माय? म्या नुसत्या भाकरी केल्या."

हे उत्तर मी कितीतरी वर्षे खरे मानले. आज मला ते चुकीचे वाटते, आणि ती चूक आजीची नव्हती. दडपशाहीच्या राजवटीत लोकांचे आंदोलन कशावर चालते, याचा हिशोब ज्यांनी मांडला, त्यांनी मैदानातल्या कामाला लढा म्हटले आणि घरातल्या कामाला मदत म्हटले. आजीने तोच हिशोब निमूटपणे मान्य केला होता. माझे म्हणणे असे, की जिथे सभा, संघटना आणि वर्तमानपत्र या तिन्हींवर बंदी असते, तिथे ही वाटणी टिकत नाही, कारण बंदी आली की आंदोलन घरातच राहायला येते. मग घर चालवणारी बाई आंदोलनाला मदत करत नसते, तिच्याशिवाय आंदोलन उभेच राहत नसते.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथे सभा घ्यायची तर सरकारची आगाऊ परवानगी लागे. 'गश्ती निशाण ५३' हे त्या फर्मानाचे नाव मराठवाड्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांच्या तोंडी शेवटपर्यंत होते. खाजगी शाळा काढायची तरी सरकारचा संशय पाठीमागे लागे. १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, तेव्हा मराठी माणसाला सनदशीर मार्गाने काही मागता येईल अशी आशा होती. पुढच्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेसची नीट स्थापना होण्याआधीच तिच्यावर बंदी आली. २४ ऑक्टोबर १९३८ रोजी सत्याग्रह सुरू झाला, माणसे तुरुंगात गेली, आणि ही बंदी उठायला १९४६ साल उजाडले. म्हणजे आठ वर्षे या प्रदेशात उघड राजकारण हा गुन्हा होता. या आठ वर्षांत चळवळ कुठे होती, असा साधा प्रश्न विचारला, तर तिचे पत्ते सापडतात ते माजघरांचे, परसदारांचे, शेतातल्या खोपींचे आणि बाळंतिणीच्या खोल्यांचे. बाळंतिणीच्या खोलीत परका पुरुष जात नाही, हा संकेत पोलीसही पाळत, आणि म्हणूनच कागद तिथे राहत.

आणखी एक गोष्ट घडली, जिच्याकडे इतिहास लिहिणाऱ्यांनी पुरेसे लक्ष दिले नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लेव्हीची, म्हणजे सरकारला सक्तीने द्यायच्या धान्याची, वसुली सुरू झाली आणि सरकार प्रथमच थेट कणगीपर्यंत पोहोचले. शेतसारा पुरुष भरत, चावडीवर पुरुष जात, कोर्टकचेरी पुरुष पाहत. धान्याची कणगी मात्र बाईच्या ताब्यात होती. घरात किती ज्वारी आहे, ती पुढच्या सुगीपर्यंत कशी पुरवायची, कोणाला उसनी दिली आहे, हे तिलाच ठाऊक असे. लेव्हीचा कारकून शिपाई घेऊन घरात शिरला आणि कणगीत काठी खुपसून धान्य मोजू लागला, त्या दिवशी सरकार म्हणजे काय हे तिला कोणी भाषण करून सांगण्याची गरज उरली नाही. स्त्रियांना राजकारण कळत नव्हते, त्या नवऱ्यामागून चळवळीत आल्या, असे जे सरसकट म्हटले जाते, ते या एका गोष्टीपुढे लंगडे पडते.

१९४७ च्या ऑगस्टनंतर परिस्थिती आणखी बिघडली. देश स्वतंत्र झाला आणि आम्ही झालो नाही. नोव्हेंबरात भारत सरकार आणि निजाम यांच्यात 'जैसे थे' करार झाला. लातूरचा वकील कासीम रझवी याच्या रझाकारांनी गावांवर दहशत बसवली. हद्दीपलीकडे, बार्शी, मनमाड, वाशीम, उमरखेड या बाजूंना, कार्यकर्त्यांच्या छावण्या उभ्या राहिल्या. तिथून तुकड्या रात्री आत येत, करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके जाळत, लेव्हीचे कागद जाळत आणि परत जात. या छावण्यांवर बरेच लिहिले गेले आहे. छावणीतून निघालेला माणूस हद्दीच्या आत दहा कोसांवर पोहोचला, की तो कोणाच्या घरी जेवला, कुठे झोपला, गस्त कुठून येते हे त्याला कोणी सांगितले, याच्यावर फार थोडे लिहिले गेले.

आजी तेव्हा सोळा-सतरा वर्षांची होती आणि लग्न होऊन दोन वर्षे झाली होती. तिने पुढे थोडेथोडे करून जे सांगितले, ते एकत्र केले तर एक पूर्ण कसब दिसते. रात्रीच्या शांततेत भाकरी थापण्याचा आवाज चार घरे ओलांडून जातो. अवेळी थाप ऐकू आली, की या घरी कोणीतरी आले आहे हे सगळ्या आळीला कळणार. म्हणून ती रात्रीची भाकरी थापत नसे, लाटत असे. ज्वारीची लाटलेली भाकरी काठाला चिरते, गार झाली की कडक होते, पण आवाज होत नाही. चुलीत गोवऱ्या घातल्या तर धूर फार, म्हणून तुराट्या घालायच्या. त्या भराभरा जळतात, त्यामुळे दुसरे कोणीतरी सतत चुलीपाशी बसून जाळ सारावा लागतो. ते काम तिची सासू करी. झरोक्याला गोणपाट लावायचे. पीठ मात्र रात्री दळायचेच नाही. ते पहाटेच्या नेहमीच्या वेळीच दळायचे, आणि तेही रोज थोडे थोडे जास्त, कारण जात्याची घरघर रोजच्यापेक्षा एकदम लांबली की शेजारीण विचारणार, पाहुणे आलेत का? लेव्हीत मोजलेल्या धान्यातून हे जास्तीचे पीठ यायचे कुठून? ते दोघी सासूसुनांच्या ताटातून येई. "एक वेळ आमी आंबील प्यायचो," एवढेच ती याबद्दल म्हणे.

गुप्त संघटना चालवण्याचे जे शास्त्र म्हणून पुस्तकांत सांगितले जाते, म्हणजे रोजच्या वागण्यात फरक पडू द्यायचा नाही, साठा नजरेत येऊ द्यायचा नाही, एकाला जेवढे कळायला हवे तेवढेच कळू द्यायचे, ते सगळे या स्वयंपाकघरात होते. फक्त त्याला कोणी शास्त्र म्हटले नाही.

इथे एक आक्षेप प्रामाणिकपणे घेता येतो आणि तो मी टाळू इच्छित नाही. आजीला कोणी विचारले होते का? नव्हते. आजोबांनी माणसे घरी आणली आणि तिने जेवू घातले. न विचारता अंगावर पडलेल्या कामाला सहभाग म्हणायचे का? हा प्रश्न खरा आहे आणि जगभरच्या आंदोलनांबद्दल तो विचारला जातो. दिल्लीच्या सीमेवर शेतकऱ्यांचे आंदोलन चालू असताना, जानेवारी २०२१ मध्ये, सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीशांनीच स्त्रियांना आणि वृद्धांना आंदोलनात कशाला ठेवले आहे अशा आशयाची विचारणा केली, तेव्हा अनेक शेतकरी बायांना राग आला तो 'ठेवले' या शब्दाचा. शेतात निंदणी, खुरपणी, वेचणी कोण करते हे ज्यांना माहीत आहे, त्यांना त्या रागाचे कारण समजावून सांगायला नको. त्याच महिन्याच्या १८ तारखेला महिला किसान दिवस पाळून त्यांनी आपले उत्तर दिले.

माझ्या आजीच्या बाबतीत उत्तर जरा वेगळे आहे. पहिल्यांदा तिला विचारले नव्हते हे खरेच. पण १९४८ च्या उन्हाळ्यात एका रात्री आजोबा घरी नसताना पाच जण परसदारी आले आणि त्याच संध्याकाळी गावात गस्त उतरलेली होती. हे आत घेण्यासारखे नाही, हे तिने ठरवले. त्यांना बांधाबांधाने आमच्या नात्यातल्या नसलेल्या, दुसऱ्या जातीच्या एका विधवेच्या वस्तीवर नेऊन सोडायचे, हेही तिनेच ठरवले. सासूला उठवले नाही, कारण म्हातारी घाबरून बोलून जाईल अशी तिला भीती होती. कोणी तिला नेमले नव्हते, कोणी अधिकार दिला नव्हता. काम करता करता निर्णय घेण्याची वेळ आली आणि तिने तो घेतला. सहभाग पुष्कळदा असाच सुरू होतो, आधी ओढले जाणे आणि मग एखाद्या रात्री स्वतःचे स्वतः ठरवणे. पुरुषांच्या बाबतीतही तो याहून फार निराळा नसतो. गावातला किती तरी तरुण भावकीच्या ओढीने किंवा मित्राच्या शब्दाखातर छावणीत गेला असेल, पण त्याच्या सहभागाला आपण कधी अशी शंका लावत नाही.

ज्या स्त्रियांची नावे आपल्याला माहीत आहेत, ती कोणाची आहेत तेही पाहावे. बदनापूर तालुक्यातल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके शस्त्रे आणि निरोप पोहोचवत, हातबॉम्ब टाकत. भूम तालुक्यातल्या ईट इथल्या गोदावरीबाई टेकाळे रझाकारांशी लढताना हुतात्मा झाल्या. या दोघींपुढे माझी मान आदराने लवते. पण दगडाबाईंना आपण 'मराठवाड्याची झाशीची राणी' म्हणतो, याचा अर्थ बाईचे शौर्य ओळखायला आपल्याला अजून तिच्या हातात तलवार किंवा बंदूक दिसावी लागते. हाती शस्त्र घेतलेल्या दोघी-तिघींची नावे आपण जपली आणि ज्यांच्या हातात काठवट होती त्या हजारोंना घरकामात जमा केले. तेलंगणात चाकली ऐलम्मा हिने देशमुखाच्या माणसांना आपल्या शेतातले पीक नेऊ दिले नाही, ही गोष्ट तिथे घराघरांत सांगितली जाते, कारण तिथे जमिनीचा प्रश्न लढ्याच्या केंद्रस्थानी होता आणि पिकापुढे उभी राहिलेली बाई दिसणे अपरिहार्य होते. आमच्याकडे लढा संस्थानाच्या विलीनीकरणाचा म्हणून लिहिला गेला. विलीनीकरण ही पुढाऱ्यांची, करारांची आणि फौजांची गोष्ट झाली, आणि कणगी त्या गोष्टीतून बाहेर राहिली.

दडपशाही करणाऱ्या राजवटींना स्त्रिया समोर आल्या की काय करावे हे काही काळ कळत नाही, ही गोष्ट जगभर दिसते. अर्जेंटिनात लष्करी हुकूमशाहीने हजारो तरुणांना गायब केले. ३० एप्रिल १९७७ रोजी चौदा आया राजधानीतल्या प्लाझा दे मायो या चौकात आपल्या मुलांचा पत्ता विचारायला जमल्या. जमावाने उभे राहायला बंदी होती, पोलीस म्हणाले चालत राहा, म्हणून त्या जोडीजोडीने चौकात फेऱ्या मारू लागल्या आणि पुढे दर आठवड्याला मारत राहिल्या. ओळख पटावी म्हणून डोक्याला बाळाचे लंगोट बांधत, तेच पुढे पांढरे रुमाल झाले. म्यानमारमध्ये २०२१ च्या लष्करी उठावानंतर स्त्रियांनी आपली लुगड्यासारखी नेसायची वस्त्रे रस्त्यांवर दोरीला टांगली, कारण बाईच्या वस्त्राखालून गेले की पुरुषाचे तेज जाते अशी तिथली समजूत आहे. सैनिक खरोखरच थबकले आणि आधी ती वस्त्रे काढायच्या मागे लागले. ज्या समजुतीने बाईला विटाळात बसवले, तीच समजूत तिने शिपायाच्या वाटेत आडवी टाकली. आमच्या बाळंतिणीच्या खोलीत कागद ठेवणाऱ्यांना ही युक्ती लगेच कळली असती.

पण आईपणाचे आणि विटाळाचे हे कवच किती दिवस टिकते? अर्जेंटिनातल्या त्या आयांच्या संस्थापकांपैकी तिघींना त्याच वर्षी डिसेंबरात उचलून नेले आणि ठार मारले. राजवट एकदा गोंधळते, दुसऱ्यांदा सावरते. म्हणून बाया पुढे उभ्या केल्या की पोलीस हात उचलणार नाहीत, हा जो सल्ला आंदोलनांच्या बैठकांमध्ये सर्रास दिला जातो, तो मला निष्काळजी आणि अन्यायाचा वाटतो. १ सप्टेंबर २०२३ रोजी जालना जिल्ह्यात अंतरवाली सराटी इथे मराठा आरक्षणाच्या आंदोलनावर लाठीमार झाला, तेव्हा जखमींमध्ये स्त्रियाही होत्या. लाठी बाई पाहून वळत नाही. बाईला पुढे उभे राहायचे असेल तर तो निर्णय तिचा असला पाहिजे, आणि त्यासाठी जिथे निर्णय होतात त्या बैठकीत ती आधीच बसलेली असली पाहिजे. ९ ऑगस्ट २०१६ रोजी औरंगाबादला पहिला मराठा मूक मोर्चा निघाला, त्यानंतरच्या मोर्चांतूनही तरुण मुली आघाडीवर चालत होत्या, निवेदन त्यांच्याच हातून दिले जात होते. ते दृश्य पाहून मला आनंद झाला होता. त्या मुलींपैकी कितीजणींना मागण्यांचा मसुदा करताना बोलावले होते, हे मात्र मला त्याच दिवशी विचारावेसे वाटले आणि आजही वाटते.

दडपशाहीत स्त्रियांनी काय सोसले, हे सांगताना एका बाजूचेच सांगणे हा दुसरा अन्याय होईल. रझाकारांनी गावे लुटली, बायांची अब्रू घेतली, हे आम्ही लहानपणापासून ऐकले आणि ते खरे आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौज आली, १३ ते १७ या पाच दिवसांत निजामाची सत्ता संपली, आणि त्यानंतरच्या आठवड्यांत जे झाले ते आमच्या १७ सप्टेंबरच्या भाषणांत येत नाही. भारत सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने संस्थानात हिंडून जो अहवाल दिला, त्यात २७ ते ४० हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज आहे. सर्वांत जास्त झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड हे आमचे दोन जिल्हे आहेत. मारले गेलेले बहुतेक मुसलमान होते, आणि मुसलमान स्त्रियांवर झालेल्या अत्याचारांची नोंदही त्या अहवालात आहे. तो अहवाल बराच काळ प्रसिद्ध झाला नाही. आमच्या गावातल्या एका विहिरीचे पाणी त्या साली कोणी प्यायले नाही, असे आजी सांगे आणि पुढे बोलत नसे. ज्यांचा रझाकारीशी काही संबंध नव्हता, अशा बायांनी त्या पापाची किंमत दिली. राजवट जाते, तेव्हाही बाईचे शरीर हेच सूड उगवण्याचे ठिकाण राहते, हे मान्य केल्याशिवाय मुक्ती हा शब्द आम्ही पुरत्या मनाने उच्चारू शकणार नाही.

आता मुद्दा असा, की राज्य बदलल्यावर या स्त्रियांचे काय झाले. तेलंगणातला सशस्त्र लढा १९५१ मध्ये मागे घेतला गेला. ज्या बाया जंगलात राहिल्या, बंदुका चालवायला शिकल्या, त्यांच्या मुलाखती अभ्यासक स्त्रियांनी पुढे १९८० च्या दशकात घेतल्या, तेव्हा घरी जा, संसाराला लागा असे आपल्याच कम्युनिस्ट पक्षाने सांगितल्याचे दुःख त्यांच्या बोलण्यात तीस-पस्तीस वर्षांनंतरही ताजे होते. इराणमध्ये शहाच्या विरोधात बाया लाखोंनी रस्त्यावर आल्या. शहा गेल्यावर काही आठवड्यांतच, मार्च १९७९ मध्ये, त्यांच्या डोक्यावर काय असावे याचे हुकूम निघू लागले, आणि ८ मार्चला त्यांना त्याच रस्त्यांवर पुन्हा उतरावे लागले. त्या वेळी बरोबरीच्या पुष्कळ पुरुषांनी, हा किरकोळ प्रश्न आहे, क्रांती आधी स्थिर होऊ द्या, असे सांगितले. तो किरकोळ प्रश्न त्रेचाळीस वर्षे साचत राहिला. १६ सप्टेंबर २०२२ रोजी महसा अमिनी ही बावीस वर्षांची कुर्दी तरुणी पोलिसांच्या ताब्यात असताना मरण पावली. दुसऱ्या दिवशी सक्केझ या तिच्या गावी दफनाच्या वेळी बायांनी डोक्यावरचे रुमाल काढून हातात घेतले. तो दिवस १७ सप्टेंबर होता. त्याच सकाळी आमच्याकडे मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवी वर्षाचा झेंडा चढला होता. 'बाई, जगणे, स्वातंत्र्य' ही त्यांची घोषणा मी दोन-तीन दिवसांनी वर्तमानपत्रात वाचली, आणि आमच्या पंचाहत्तर वर्षांच्या घोषणांमध्ये यातला पहिला शब्द कुठे होता हे आठवू लागले.

आमच्याकडे घरी पाठवण्याचे काम कोणा पुढाऱ्याने भाषण करून केले नाही. ते नियमाने केले. १९७२ साली केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन सुरू केले. त्यासाठी साधारणपणे सहा महिन्यांचा, आणि पुढे बाईला तीन महिन्यांचा, तुरुंगवास दाखवावा लागे. बाईला दिलेली ही सवलत चांगल्या हेतूनेच दिलेली होती, यात मला शंका नाही. तुरुंगात न गेलेला पण भूमिगत राहिलेला माणूसही पात्र ठरे, मात्र त्याच्या नावाने वॉरंट निघालेले असले पाहिजे किंवा तो फरारी जाहीर झालेला असला पाहिजे. नियमाचा अर्थ नीट पाहा. जो लपला त्याला पुरावा मिळतो, कारण सरकारने त्याचे नाव लिहून ठेवलेले असते. जिने लपवले तिचे यश यातच असते, की सरकारच्या कागदावर तिचे नाव कधी आलेच नाही. जितके चोख काम, तितका पुरावा कमी. म्हणून आमच्याकडच्या कितीतरी बायांना निवृत्तिवेतन मिळाले ते स्वातंत्र्यसैनिकाची विधवा म्हणून, आणि ज्या रात्रींनी तो माणूस जिवंत राहिला त्या रात्रींची नोंद कुठेही झाली नाही. दुसरीकडे बीड जिल्ह्यात बनावट स्वातंत्र्यसैनिकांचे प्रकरण इतके वाढले, की ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि चौकशी आयोग बसवावा लागला. ज्यांच्याकडे काम नव्हते त्यांना कागद मिळू शकला, आणि ज्यांच्याकडे काम होते त्यांनी कागद मागितलाच नाही, कारण आपण लढलो असे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

हे केवळ मानधनाचे गाऱ्हाणे नाही. ज्याची नोंद होते त्याचाच पुढे वाटा ठरतो. जमीन कोणाच्या नावावर, बाजार समितीत कोण, ग्रामपंचायतीत बोलणार कोण, या सगळ्या वाटण्या १९४८ नंतर झाल्या, आणि त्या लढणाऱ्यांच्या यादीवरून झाल्या. दडपशाही फक्त राजवाड्यातून येत नाही, हेही आम्हाला पुढे दिसले. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि त्यानंतर दलित वस्त्या पेटवल्या गेल्या त्या आमच्याच गावांनी. ठराव शासनाचा होता, दडपशाही गावाची होती. मजुरी बंद, पाणी बंद, दुकान बंद. हा बहिष्कार रोजच्या रोज सोसून पोरांना शाळेत पाठवणे आणि वस्ती न सोडणे, हे काम सोळा वर्षे कोणी केले? १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. त्या लढ्याच्या हुतात्म्यांची नावे दरवर्षी विद्यापीठाच्या दारात आदराने घेतली जातात आणि घेतलीच पाहिजेत. पण दूरच्या विहिरीवरून घागर आणणाऱ्या बायांची यादी तिथेही झालेली नाही. ज्या चळवळीने नोंदीचे आणि अक्षराचे मोल सर्वांत जास्त ओळखले, तिच्याकडून मला ही अपेक्षा अधिक आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि तिला फार दिवस उरलेले नाहीत. जी मुलगी १९४८ मध्ये सोळा वर्षांची होती, ती आज हयात असेल तर नव्वदी ओलांडून गेली आहे. मराठवाड्यातल्या प्रत्येक महाविद्यालयाने, विशेषतः इतिहास आणि मराठीच्या विभागांनी, या वर्षीच मुलांना आपापल्या गावी पाठवावे. नामांतराच्या काळातल्या बाया तर अजून हाताशी आहेत, त्यांच्याकडेही जावे. हुतात्मा स्तंभावर माणसांच्या नावांबरोबर घरांची नावे कोरावीत. कोणत्या घरी भूमिगत राहिले आणि ते घर कोणी चालवले, हे लिहावे. आणि जी आंदोलने आज चालू आहेत, त्यांनी आपली वही आजच ठेवावी. कोणी जेवण केले, कोण रात्रभर जागले, कोणी पोलीस ठाण्याबाहेर बसून राहिले, हे त्याच दिवशी, नावानिशी लिहून ठेवावे, कारण चाळीस वर्षांनी मुलाखत घ्यायला कोणी येईल याचा भरवसा नाही.

फक्त एक सूचना अनुभवावरून करते. त्यांना 'तुम्ही लढलात का' असे विचारू नये. मी तोच प्रश्न विचारला आणि मला एका वाक्यात नकार मिळाला. आजी जाण्याच्या दोन वर्षे आधी, दिवाळीच्या सुटीत, मी तिला वेगळे विचारले, की रात्री एका वेळी किती भाकरी लागत? तिने सूप बाजूला ठेवले, बोटे मोजली आणि म्हणाली, माणशी तीन धर, पण जाताना बांधून द्यायच्या दोन वेगळ्या. पाच जण असले तर पंचवीस. बारा जण आले होते एकदा, तेव्हा साठ झाल्या, आणि पीठ संपले म्हणून शेवटच्या आठ तिने त्या वस्तीवरच्या विधवेकडून आणल्या होत्या. मग तिने त्या विधवेचे नाव सांगितले.